टोलेडोला असंच होतं

सोलापुरात कुणाला चढ दाखवायचा झाला तर त्याला रेल्वेवरच्या पुलावर न्यावं लागतं. त्यापलीकडं आमच्या शहराला उंची नाही. तसं पाहिलं तर समुद्रसपाटीपासून आम्ही सुमारे 1,500 फुटांवर राहतो, पण हे 1,500 फूट आमच्यापैकी कुणीच चढलेलं नाही. जन्मलो तेव्हाच वर होतो. आणि चारी दिशांना सगळेच वर असल्यामुळं कुणी कुणाकडं मान उंच करून बघत नाही. आमचा किल्लासुद्धा या स्वभावाला धरूनच बांधलेला आहे. शहराच्या मधोमध, खंदकाच्या आत, सिद्धेश्वर तलावाला पाठ टेकून हा भुईकोट निवांत बसलेला असतो. रिक्षा थेट दारात सोडते, आणि दम लागलाच तर तो रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलताना लागतो.

अशा गावचे अण्णा स्पेनला जाऊन आले.

अण्णा आमच्या अपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर राहतात. त्यांचं आयुष्य चादरीच्या धंद्यात गेलं. आता कारखाना मुलं बघतात आणि अण्णा जग बघतात. टूर कंपनीबरोबर गेले, सोबत कडक भाकरीची थप्पी आणि शेंगाची चटणी नेली, आणि परत आले ते टोलेडोचे होऊन आले. माद्रिदबद्दल विचारलं की म्हणतात, "शहर आहे. पुण्याला पण आहे." बार्सिलोनाबद्दल विचारलं की खिशाला हात लावून खिसेकापूंच्या गोष्टी सांगतात. पण टोलेडो म्हटलं की खुर्ची पुढं ओढतात.

"डोंगरावर अख्खं गाव, बे! तटबंदीच्या आत. तीन बाजूंनी नदी, एका बाजूनं आपण. गल्ल्या एवढ्याशा, की समोरून माणूस आला तर एकानं भिंतीला चिकटायचं. आणि वर चढायला काय आहे माहितीय? सरकता जिना! मॉलमध्ये असतो तसला. उघड्या डोंगराला!"

हे खरं आहे. टोलेडोच्या तटबंदीला लागून 2000 सालच्या सुमाराला सरकते जिने बसवलेत. मध्ययुगात शत्रूनं चढू नये म्हणून जो डोंगर निवडला, त्याच डोंगरावर पर्यटकानं दमू नये म्हणून आता विजेवर पायऱ्या फिरतात. रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर अण्णा आम्हाला या जिन्यावरून एकदा वर नेऊन आणायचे. एका संध्याकाळी आई देवळातून येऊन तिथं टेकली. तिनं मोबाइलमधले सगळे फोटो चष्मा वर-खाली करून पाहिले आणि म्हणाली, "पन्हाळ्यासारखंच आहे की."

अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला अपमान म्हणता येणार नाही. इतके पैसे भरून जे बघितलं ते एसटीच्या पल्ल्यात होतं, असं कुणी सांगितल्यावर माणसाचं जे होतं ते. "आई, तसं नाही ते," असं म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून फोटो दाखवायला घेतले. आईनं ते पुन्हा पाहिले. "हां," ती म्हणाली, "तिथं झुणका-भाकर मिळत नसेल एवढंच."

तेव्हा पन्हाळ्याला जायचं ठरलं. सोलापूरला जवळ गड नाही असं नाही. नळदुर्ग पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथला पाणी महाल दाखवतोच. पण नळदुर्गाचं गाव किल्ल्याच्या बाहेर आहे. आई आणि अण्णांचा वाद डोंगरावर तटाच्या आत नांदत्या गावाचा होता, आणि त्याचा निकाल पन्हाळ्यावरच लागणार होता.

मंगळवेढा, सांगोला, मिरज असा रस्ता. मंगळवेढ्यापर्यंत आई खिडकीतून ज्वारीच्या रानांवर शेरे मारत होती. मिरजेच्या पुढं दोन्ही बाजूंनी ऊस लागला आणि गाडीत एकदम शांतता पसरली. आमच्या ड्रायव्हरनं बराच वेळ सहन केलं आणि मग म्हणाला, "मालक, लईच हिरवं हाय हिकडं. डोळं दुखलालेत."

कोल्हापूर सोडल्यावर वीसेक किलोमीटरवर पन्हाळा. शेवटचा टप्पा घाटाचा आहे. सोलापूरच्या ड्रायव्हरला घाट म्हणजे तुळजापूरचा, त्यामुळं त्याची समजूत अशी की घाट चढला की वर देवी असते. इथं पहिल्या वळणानंतर दुसरं आलं, दुसऱ्यानंतर तिसरं, आणि एका बाजूचा रस्ताच नाहीसा होऊन त्या जागी वारणेच्या खोऱ्याकडचं आकाश आलं. त्यानं हॉर्न वाजवायचं सोडून दिलं. सोलापूरच्या ड्रायव्हरनं हॉर्न सोडला म्हणजे तो मनात देवाचं नाव घेतोय असं समजावं.

वर नाक्यावर गाडी थांबवून प्रवेशाची पावती फाडली गेली. अण्णा खूश झाले. "टोलेडोला असंच होतं. आत जायचं म्हणजे जिथंतिथं तिकीट."

इथं पूर्वी चार दरवाजा होता, असं पावती देणाऱ्या मुलानं सांगितलं. 1844 साली गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. ते मोडल्यावर इंग्रजांनी हा दरवाजा पाडून टाकला, म्हणजे पुन्हा कुणी आतून कडी लावून बसायला नको. आता तिथून रस्ता जातो. आमच्या ड्रायव्हरनं ही हकिकत लक्षपूर्वक ऐकली आणि पावती उलटीसुलटी करून विचारलं, "दरवाजाच नाही तर मग पैसे कशाचे?" त्या मुलाला हा प्रश्न नवीन नसावा. त्यानं मागच्या गाडीला हात केला.

पन्हाळ्याची खरी गंमत आत शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत कळते. गडावर गेल्यावर आपण मनातल्या मनात आवाज खाली आणलेला असतो. बुरूज दिसतील, वारा सुटेल, इतिहास बोलेल, अशी तयारी असते. इथं समोर येतं ते मोबाइल रिचार्जचं दुकान. मग शाळेतून सुटलेली पोरं. मग बँक, मग एका घराच्या दारात वाळत घातलेल्या कुरडया, आणि त्या कुरडयांच्या मागं आठशे वर्षांचा दगड. शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बाराव्या शतकाच्या अखेरीला हा गड बांधायला घेतला, तेव्हापासून यादव, बहमनी, आदिलशाही, मराठे, मोगल, इंग्रज असे सगळे येऊन गेले. पण इथली माणसं गेली नाहीत. आज गडावर साधारण तीन हजार वस्ती आहे, नगरपरिषद आहे, आणि वर कडी म्हणजे हे तालुक्याचं ठिकाण आहे.

म्हणजे तहसील कार्यालय गडावर. खालच्या गावातल्या शेतकऱ्याला कागद पाहिजे असेल तर गड चढायचा. असा एक गृहस्थ आम्हाला स्टँडजवळ भेटला. डोक्याला टोपी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी, चेहऱ्यावर मोहिमेवर निघालेल्या माणसाचा निर्धार. 1673 साली कोंडाजी फर्जंदानं साठ माणसं घेऊन एका रात्रीत हा गड घेतला. सरकारी कागदाची मोहीम जगात कुठंच एका रात्रीत फत्ते होत नाही, आणि तिला साठ माणसांचा उपयोगही नसतो. झालाच तर एखाद्या ओळखीच्या माणसाचा होतो. अण्णा त्या गृहस्थाकडं बराच वेळ बघत राहिले. मग प्रांजळपणे म्हणाले, "हे टोलेडोला नव्हतं."

एक गुण पन्हाळ्याला.

अंबरखान्यात दुसरा गुण मिळेल असं वाटलं होतं, पण तिथं आईनं वेगळाच सामना उभा केला. अंबरखाना म्हणजे गडाची धान्याची कोठारं. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्यांची नावं. जाड भिंतींच्या, कमानदार छताच्या या इमारती पाहिल्या की आपला फ्लॅट कुणी उभा केला असा प्रश्न पडतो. एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावायचं असं गाईडनं सांगितलं आणि तो क्षणभर थांबला. या आकड्यावर पर्यटक 'बापरे' म्हणतात, त्यासाठी तो थांबत असावा.

आई म्हणाली, "कीड?"

"काय?"

"कीड लागत नव्हती का? एवढं धान्य, वरती पावसाची ओल. घालत काय होते त्यात? कडुलिंबाचा पाला?"

गाईडला वेढ्याची तारीख पाठ होती, तोफांची नावं पाठ होती, पण टोक्याच्या बाबतीत त्याची तयारी नव्हती. त्यानं मुद्दा बदलून तांदूळ, नाचणी, वरी अशी धान्यांची यादी सांगितली. आईचा चेहरा पडला. "ज्वारी नाही?" तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर ती वेढ्यात सापडलेल्या सगळ्या फौजेबद्दल मनापासून हळहळली. "मग बिचाऱ्यांनी खाल्लं काय?"

तो वेढा 1660 सालचा. मार्चमध्ये शिवाजी महाराज गडावर आले आणि सिद्दी जौहरनं खालून गड आवळला. चार महिने झाले, पावसाळा लागला, तरी वेढा ढिला होईना. राजापूरच्या वखारीतले इंग्रजही तोफगोळे घेऊन जौहरच्या मदतीला आले. हेन्री रेव्हिंग्टन नावाच्या त्यांच्या अधिकाऱ्यानं स्वतःचं निशाण लावून गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्यानं व्यापार करावा, गिऱ्हाइकाच्या भांडणात पडू नये, हे सोलापूरच्या कुठल्याही चादरवाल्याला कळतं. रेव्हिंग्टनला कळलं नाही. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि त्याला धरून कैदेत टाकलं. ही गोष्ट ऐकताना अण्णांमधला व्यापारी जागा झाला. "बरोबर केलं," ते म्हणाले. "उधारी अशीच वसूल करायची असते."

मग त्यांना आठवलं की टोलेडोलाही वेढा पडला होता. तिथल्या अल्काझार किल्ल्याला 1936 साली, स्पेनच्या यादवी युद्धात. किती दिवस? दोन महिन्यांच्या वर थोडे. आपला चार महिन्यांच्या वर, असं माझ्या बायकोनं त्यांच्या लक्षात आणून दिलं. अण्णांनी हे तडजोडीनं मान्य केलं: "पण तिकडं पाऊस कमी."

राजदिंडीला मात्र कुणी गुण मोजले नाहीत. गडाच्या कडेला एक लहानशी वाट आहे, सहज नजरेतून सुटावी अशी. 12 जुलै 1660 च्या रात्री, भर पावसात, महाराज या वाटेनं बाहेर पडले असं सांगतात. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसून शत्रूच्या हाती लागला, आपण कोण ते ठाऊक असताना. पुढं घोडखिंडीत बाजीप्रभूंनी वाट अडवून धरली. पन्हाळ्यापासून विशाळगड साठेक किलोमीटर. आम्ही कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं. झाडी, खडक, आणि उतार असा की नजरसुद्धा जपून टाकावी. अण्णांनी तोंड उघडलं, आम्हाला वाटलं आता टोलेडो येणार, पण त्यांनी ते मिटलं. बोलला तो ड्रायव्हर. "रात्री? पावसात? मालक, मला दिवसा डांबरी रस्त्यानं घाम फुटला."

हॉटेलवर परतल्यावर सोलापूर पुन्हा अंगात आलं. खोलीत शिरल्याबरोबर अण्णांनी काय केलं असेल तर पलंगावरच्या चादरीचा कोपरा उचलून शिक्का शोधला. सोलापूरचा माणूस जगात कुठंही गेला तरी लॉजवर आधी चादरीचा कोपरा बघतो, मग संडास. भौगोलिक मानांकन मिळालेली आमची चादर आणि तिच्या नावावर विकली जाणारी दुसरीकडची चादर यातला फरक अण्णा डोळे मिटून नुसत्या बोटांनी सांगतात. स्पेनमध्येही त्यांनी प्रत्येक हॉटेलात हे केलं होतं. इथली चादर त्यांनी दोन बोटांत धरली, सोडून दिली, आणि आपल्या बॅगेतून स्वतःची काढली. "टोलेडोला असंच होतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात टोलेडोबद्दल कमीपणा होता.

शेजारच्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. जाऊन बघतो तर आईनं बादली भरली होती, मग भरला होता, कचऱ्याचा छोटा प्लास्टिकचा डबा विसळून भरला होता आणि आता चहाची किटली नळाखाली धरली होती.

"आई, इथं चोवीस तास पाणी आहे."

"आज आहे. उद्याचं कुणी सांगावं?"

ज्या शहरात पाणी चार-चार दिवसांआड येतं, तिथं आयुष्य काढलेल्या बाईला नळावर विश्वास ठेवायला सांगणं हे तिच्या अनुभवाचा अवमान करणं आहे. त्यामुळं दुसऱ्या दिवशी अंधारबाव पाहताना सगळ्यात समंजस प्रेक्षक तीच ठरली. ही तीन मजली बांधणी आहे. वरून पाहिलं तर साधी इमारत. खाली उतरलं की मधल्या मजल्यावर तटाबाहेर निसटायची चोरवाट, आणि सगळ्यात तळाला विहीर. शत्रू गड घेता येत नसला की आधी पाण्यात विष कालवतो, म्हणून आदिलशाहीत ही विहीर इमारतीच्या पोटात दडवली. गाईड हे सांगत असताना आई मान डोलवत होती. पाणी दिसेल असं ठेवायचं नसतं, त्यावर पहारा बसवायचा असतो, आणि ते किती आहे हे शेजाऱ्याला कळू द्यायचं नसतं. यातलं काहीच तिला मध्ययुगीन वाटलं नाही.

पन्हाळ्याला आणखी एक गोष्ट टोलेडोसारखीच घडलेली आहे, आणि ती अण्णांच्या आधी मला सापडली याचा मला अजून आनंद आहे. टोलेडो एके काळी राजधानीचं गाव होतं. 1561 साली दुसऱ्या फिलिप राजानं दरबार उचलला आणि माद्रिदला नेला. ताराराणींच्या काळात पन्हाळा कोल्हापूर गादीची राजधानी झाला, आणि 1782 साली राजधानी खाली कोल्हापुरात आली. इतिहासकार याची राजकीय कारणं देतात, ती खरीच असणार. पण गडावर पायी हिंडल्यावर माझी खात्री झाली की कुठल्या तरी वयस्कर कारभाऱ्याच्या गुडघ्यांचाही त्यात वाटा असला पाहिजे. राजे खाली उतरले. मागं राहिला चढ, आणि त्या चढावर राहायची सवय झालेली माणसं. ताराराणींच्या वाड्यात पुढं शाळा भरायला लागली. ज्या दालनांतून औरंगजेबाच्या फौजांना तोंड देणाऱ्या बाईचा कारभार चालला, तिथं पोरांनी पाढे म्हटले. मला हे वाड्याला काचा लावून कुलूप घालण्यापेक्षा कितीतरी बरं वाटतं.

(मोरोपंतही इथलेच. 1729 सालचा जन्म. पण कवी म्हणून नाव झालं ते बारामतीला गेल्यावर. काम व्हायचं तर बारामती गाठावी लागते, हे त्यांना अठराव्या शतकातच उमगलं होतं.)

11 जुलै 2025 ला युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात पन्हाळा आहे. टोलेडोचं शहर त्या यादीत 1986 पासून आहे. "सीनियर आहे आपल्याला," अण्णा म्हणाले. यादीत नाव जाणार हे कळल्यावर गावातल्या काही जणांच्या पोटात मात्र गोळा आला होता. उद्या घराची खिडकी बदलायची तर कुणाकुणाला विचारायचं? दुकानाची पाटी चालेल की नाही? आपल्याला इथं राहू देतील ना? बारा किल्ल्यांतल्या बहुतेकांवर असे प्रश्न विचारायला माणसं उरलेली नाहीत, तिथं कागदपत्रांचं काम सोपं झालं असेल. इथं वारशाच्या आत गॅस सिलिंडर येतो, वारशाच्या आत बारसं होतं, आणि वारशाच्या भिंतीला टेकून कुणीतरी आपली स्कूटर लावतो.

आपलं पर्यटकांचं वागणं यात बघण्यासारखं असतं. आपल्याला जुनं गाव आवडतं, पण त्यात राहणाऱ्या माणसानं गच्चीवर काळी टाकी बसवली की आपला विरस होतो. माझी बायको तीन दरवाजाचा फोटो काढत होती. काय दरवाजा आहे! पश्चिमेच्या बाजूला, एकाआत एक दारं, दगडावरची नक्षी सुबक, आणि शत्रू एका दारातून आत आलाच तर दोन दारांच्या मधल्या चौकात अडकून पडावा अशी रचना. तिला त्या फोटोत एक कणसं भाजणारी बाई नको होती, म्हणून ती डावीकडं सरकली. तिथं चिप्सची पाकिटं लटकत होती. उजवीकडं सरकली तर एक कुटुंब मध्ये आलं, जे स्वतःच्या फोटोत माझी बायको येऊ नये म्हणून सरकत होतं. शेवटी दोन्ही बाजूंनी आपापले निर्मनुष्य फोटो मिळवले आणि मग दोन्ही कुटुंबांनी त्याच बाईकडून कणसं घेतली. अण्णांना मी विचारलं की टोलेडोला तुम्ही फोटो काढले त्यात एकही माणूस कसा नाही. ते म्हणाले, "होती की माणसं. मी थांबायचो. सकाळी थांबलो तर दुपारपर्यंत एक फोटो व्हायचा."

डोंगरावरच्या गावाला सगळ्यात मोठे शत्रू आता पाऊस आणि पार्किंग हे दोनच उरलेत. 2021 च्या जुलैमध्ये पावसानं वर येणारा मुख्य रस्ताच खचला आणि सिद्दी जौहर गेल्यानंतर साडेतीनशे वर्षांनी गडाला पुन्हा वेढा पडल्यासारखं झालं. फरक इतकाच की या वेळी बाहेर निसटायची घाई राजांना नव्हती, दुधाच्या टेम्पोला होती. आणि पार्किंगबद्दल तर आमच्या ड्रायव्हरकडून ऐकावं. त्यानं गाडी तीनदा लावली आणि तीनदा काढली. एकदा एका बुरुजाच्या सावलीत, तिथून गड बघायला आलेल्या शाळेच्या सहलीनं हाकललं. एकदा एका घरासमोर, तिथून घरमालकानं. तिसऱ्यांदा त्याला उतारावर जागा मिळाली आणि त्यानं चारही चाकांना दगड लावून ठेवले. "आपल्याकडं गाडी जिथं सोडली तिथंच असती," तो म्हणाला. सपाटीच्या माणसाचं सगळं तत्त्वज्ञान यात येतं.

निघायच्या आधी आम्ही झुणका-भाकरीच्या एका टपरीवर बसलो. समोर दरी, चुलीचा धूर, ठेचा, आणि मडक्यातलं दही. आईनं भाकरी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, कडेनं एक तुकडा मोडला, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडून गडाबद्दल निखळ चांगला शब्द निघाला: "ज्वारी आहे."

टपरीवरची मावशी चुलीवरून मान न वळवता म्हणाली, "कुठलं पाव्हणं?"

"सोलापूर."

"तिकडं काय हाय बघाया?"

आता या प्रश्नाला सोलापूरकराकडं तयार उत्तर असतं: सिद्धेश्वर, गड्ड्याची जत्रा, हुरडा, चादर. पण अण्णांना काय झालं कोण जाणे. दोन दिवस एकाचा गड दुसऱ्याच्या डोंगराशी ताडून पाहिल्यावर त्यांना बहुधा स्वतःच्या किल्ल्याची आठवण झाली असावी. ते म्हणाले, "किल्ला आहे."

"केवढा चढाय?"

"चढ नाही."

मावशीनं मान वळवली. "चढ न्हाई? मग कसला किल्ला?"

अण्णांनी दह्याचं मडकं खाली ठेवलं. "मावशी, तुमच्या गडासाठी लोक लढले असतील. आमचा किल्ला हुंड्यात दिलेला आहे!" आणि त्यांनी सुरुवात केली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचं विजापूरच्या आदिलशहाच्या बहिणीशी लग्न लागलं, 1524 साली, तेही सोलापुरात. किल्ला हुंड्यात द्यायचं ठरलं होतं. दिला नाही. त्यावरून मेहुणे-मेहुणे हत्ती-घोडे घेऊन लढले, ते वर्षानुवर्षं लढत राहिले. मग चाळीसेक वर्षांनी उलट्या दिशेनं सोयरीक झाली. निजामशहाची मुलगी विजापूरला दिली, आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला. अण्णांना हे सगळं इतकं सविस्तर माहीत होतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आमचा ड्रायव्हर तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत होता. ज्या किल्ल्यासमोर तो पंधरा वर्षं प्रवासी भरत आला, त्याची ही बाजू त्याला कुणी सांगितली नव्हती.

"ती पोरगी कोण?" मावशीनं विचारलं.

"चांदबीबी."

"आन् पुढं?"

"पुढं नवरा गेला. मग माहेरी, अहमदनगरला आली. तिकडं अकबराच्या फौजेनं वेढा घातला, तर हिनं तटावर उभं राहून नगरचा किल्ला लढवला."

मावशीनं भाकरी उलटली, तिच्या कडा बोटांनी दाबल्या आणि हिशेब मांडला. "म्हंजे किल्ला सासरला गेला, आन् कामाला आली ती लेक. माहेरच्याच." मग अण्णांच्या पुढ्यातल्या रिकाम्या मडक्याकडं बघून म्हणाली, "आनि एक दही देऊ का? हुंड्याचं न्हाई, पैसे द्यावं लागतील."

अण्णांनी दोन मागवली.